पाना एकाचा, सही दुसऱ्याची

मुंबई-गोवा महामार्गावरच्या प्रवाशाला पेणची रामवाडी एसटीचा थांबा म्हणून ठाऊक असते. एसटीत नोकरी करणाऱ्याला ती रायगड विभागाची राजधानी म्हणून ठाऊक असते. विभाग नियंत्रकांचे कार्यालय इथे आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन, माणगाव, महाड आणि कर्जत या आगारांची सूत्रे इथून हलतात. किनाऱ्याची खारी हवा गाड्यांचे पत्रे खाते, घाटातली वळणे ब्रेक खातात आणि महामार्गाची दैना उरलेले सगळे खाते. ही खाल्लेली गाडी पुन्हा रस्त्यावर उभी करणारा माणूस म्हणजे एसटीचा कारागीर. प्रवाशांना चालक दिसतो, वाहकाशी सुट्या पैशांवरून वादही होतो. पिटात उभा राहून वरच्या चासीकडे बघणारा मेकॅनिक मात्र कोणाला दिसत नाही.

त्याचा पगार कसा ठरतो? महामंडळ आणि मान्यताप्राप्त कामगार संघटना यांच्यात करार होतो. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि तो सगळ्यांना लागू होतो: वर्गणी भरणाऱ्याला, न भरणाऱ्याला आणि विरोधी संघटनेचा बिल्ला लावणाऱ्यालाही. म्हणजे प्रश्न त्या सहीचा आहे. कामगारांच्या वतीने सही करण्याचा हक्क कोणाला आणि तो ठरवतो कोण? जगभरच्या मेकॅनिकांनी, बसच्या तसेच विमानाच्या, या प्रश्नाशी झटापट केलेली आहे. विमानाच्या मेकॅनिकांची गोष्ट त्यात सर्वांत नाट्यमय आहे. पण आधी महाराष्ट्राचा कायदा पाहू. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच चमत्कारिक आहे.

या कायद्याचे नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, 1971. कामगार वर्तुळात त्याला 'एमआरटीयू' म्हणतात. देशाच्या पातळीवर 1926 चा ट्रेड युनियन कायदा होता. त्यात संघटनेची नोंदणी होत असे; पण नोंदणी झालेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. सात माणसे एकत्र आली की नोंदणी होऊ शकत होती आणि मालक सरळ तोंड फिरवू शकत होता. महाराष्ट्राने ही उणीव भरून काढली. 50 किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील, तिला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागता येते. मिळाली की ती संघटना एकमेव. वाटाघाटी तीच करणार आणि कामाच्या जागी वर्गणी गोळा करण्याचा, सूचना फलक लावण्याचा अधिकारही तिचाच. इतरांच्या हाती उरते ते मुख्यतः एवढेच की आपल्या एखाद्या सभासदाला निलंबित केले किंवा काढून टाकले, तर त्याच्यासाठी व्यवस्थापनाशी बोलायचे.

30 टक्के. म्हणजे 70 टक्के कामगार सभासद नसले तरी चालते. फक्त दुसऱ्या कोणाकडे त्याहून जास्त सभासद नसावेत. आणि हे 30 टक्के मोजायचे कसे? पावती पुस्तकावरून. गुप्त मतदानाची तरतूद या कायद्यात नाही. वर्गणीच्या पावत्या, सभासदांची नोंदवही आणि त्यावर न्यायालयाची चौकशी, एवढीच ती मोजणी. महिन्याला किमान 50 पैसे वर्गणी हवी, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत एकदा तरी व्हावी, शासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत, असे तपशील मात्र कायद्याने बारकाईने लिहून ठेवले आहेत.

त्याहून मजेदार गोष्ट पुढे आहे. मान्यताप्राप्त संघटनेला संप करायचा असेल, तर 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्याआधी सभासदांचे मतदान घेऊन बहुमत मिळवावे लागते; नाहीतर संप बेकायदा. काम बंद ठेवायचे की नाही हे कामगाराला विचारायचे, पण तुझा प्रतिनिधी कोण हे विचारायचे नाही. कायदे करणाऱ्यांना या विसंगतीची कल्पना नव्हती असे नाही. पावत्या तपासाव्यात की गुप्त मतदान घ्यावे हा वाद तेव्हाही जुनाच होता. काँग्रेसशी जोडलेल्या इंटकचा कल नेहमी पावत्यांकडे असे, डाव्या संघटनांचा मतपेटीकडे. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाने 1969 मध्ये यावर मध्यम मार्ग काढला: दोन्ही पद्धती ठेवाव्यात आणि कोणत्या ठिकाणी कोणती वापरायची ते स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोगाने ठरवावे. मुंबईत मात्र पावतीच जिंकली.

पावतीच्या राज्यात काय होऊ शकते हे कोकणातल्या घराघरांना ठाऊक आहे. गिरणी कामगारांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्याखाली प्रातिनिधिक संघ होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार त्याच्यावर नाराज होते. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. पण कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क सामंतांना नव्हता, तो मजदूर संघाकडेच राहिला. अडीच लाख माणसांनी पायांनी केलेले मतदान कुठल्याही नोंदवहीत उमटले नाही. गिरणगावातून गावी परतलेल्यांत रायगड-रत्नागिरीची माणसे मोठ्या संख्येने होती.

एसटीमध्ये जवळपास हेच नाटक चाळीस वर्षांनी नव्या पात्रांसह झाले.

एसटीत डझनावारी संघटना आहेत. महाराष्ट्र एसटी कामगार संघटना वर्षानुवर्षे मान्यताप्राप्त म्हणून करार करत आली. तिच्या शेजारी इंटकप्रणीत वर्कर्स काँग्रेस, शिवसेनेशी जोडलेली कामगार सेना, कनिष्ठ वेतनश्रेणीतल्यांची वेगळी संघटना, शिवाय विशिष्ट समाजघटकांच्या आणि विशिष्ट पदांच्या संघटना. 2017 च्या दिवाळीत सातव्या वेतन आयोगासाठी चार दिवस गाड्या उभ्या राहिल्या आणि उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवल्यावर तो मिटला. मग कोविड आला. पगार थकले, काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले. महागाई भत्ता 28 टक्के करण्याचे मान्य झाले, नेत्यांनी आंदोलन मागे घेतले आणि नेहमीच्या रीतीने प्रकरण तिथे संपायला हवे होते.

संपले नाही. अनेक आगारांतल्या कर्मचाऱ्यांनी गाड्या बाहेर काढायला नकार दिला. मागणी आता एकच होती: महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. ज्या संघटनांच्या पावत्या खिशात होत्या, त्यांच्याच नेत्यांचे ऐकायला कोणी तयार नव्हते. तत्कालीन परिवहन मंत्री अनिल परब यांनी 24 नोव्हेंबरला मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना 5,000 रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना 4,000 आणि त्यापुढच्यांना 2,500. आझाद मैदानात संपकऱ्यांचे नेतृत्व करणारे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत दुसऱ्या दिवशी तिथून बाजूला झाले. तरी संप चालूच राहिला आणि ॲड. गुणरत्न सदावर्ते त्याचा चेहरा बनले. निलंबन झाले, सेवासमाप्ती झाली, बदल्या झाल्या. अखेर 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले तेव्हा साडेपाच महिने उलटत आले होते. विलीनीकरण झाले नाही.

या साडेपाच महिन्यांत सरकारची एक अडचण वारंवार दिसली. बोलायचे कोणाशी? मान्यताप्राप्त संघटनेशी करार करावा, तर आगारात तिचे कोणी ऐकत नाही. ज्याचे ऐकतात त्याच्याशी करार करावा, तर त्याला मान्यता नाही. कायद्याचा प्रतिनिधी एक आणि मनातला दुसरा.

मग एक विलक्षण योग आला. जून 2023 मध्ये स्टेट ट्रान्सपोर्ट को-ऑपरेटिव्ह बँकेच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली. ही बँक एसटी कर्मचाऱ्यांची. मतदारही तेच, पण इथे पावती चालत नाही, मतपत्रिका चालते. सदावर्ते यांच्या पॅनेलने 19 पैकी 19 जागा जिंकल्या आणि जुन्या संघटनांचे बालेकिल्ले एकामागून एक ढासळले. बँकेचे संचालक निवडणे आणि वेतन कराराला प्रतिनिधी निवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. शिवाय बँक चालवण्याची पात्रता आणि मैदान गाजवण्याची पात्रता यांचाही एकमेकींशी संबंध असतोच असे नाही. तरीही राज्यभरच्या एसटी कामगारांचा कौल गुप्त मतदानाने कळण्याची ती एक दुर्मीळ संधी होती. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा पुढाकार पुन्हा संघटनांच्या कृती समितीकडे होता. दोन दिवसांत एप्रिल 2020 पासून मूळ वेतनात 6,500 रुपयांची वाढ पदरात पडली.

या सगळ्यात रामवाडीचा कारागीर कुठे आहे? अल्पसंख्य आहे. एसटीत चालक-वाहकांची संख्या प्रचंड आणि कार्यशाळेतल्यांची त्या मानाने थोडी. सुट्या भागांचा तुटवडा, पिटाची दुरवस्था, कारागिराच्या अ-ब-क श्रेणीतली रखडलेली बढती हे त्याचे खास प्रश्न मोठ्या मागणीपत्रकात खालच्या ओळींत जातात. नुसत्या मेकॅनिकांची संघटना काढावी, तर सगळ्या महामंडळाचे 30 टक्के ती कुठून आणणार? एमआरटीयू कायदा उपक्रम हा एकच घटक मानतो. धंद्यानुसार वेगळी चूल मांडू देत नाही.

अमेरिकेत ती मांडता येते आणि तिथल्या विमान मेकॅनिकांनी मांडूनही पाहिली. तिथे विमान कंपन्यांना रेल्वेचाच कायदा लागू आहे. 1926 चा रेल्वे लेबर ॲक्ट 1936 मध्ये हवाई वाहतुकीपर्यंत वाढवण्यात आला. या कायद्यात धंद्यानुसार गट पडतात. वैमानिक वेगळे, हवाई सेविका वेगळ्या, 'मेकॅनिक आणि संबंधित' कामगार वेगळे. गट मात्र देशभर पसरलेल्या अख्ख्या कंपनीचा धरतात, एका विमानतळाचा नव्हे. गटातल्या पुरेशा लोकांनी सह्यांची कार्डे भरून दिली की नॅशनल मेडिएशन बोर्ड मतदान घेते. 2010 पर्यंत त्यातही एक खोच होती. झालेल्या मतांचे नव्हे, तर सगळ्या पात्र मतदारांचे बहुमत लागे. जो मत द्यायला गेला नाही तो संघटनेच्या विरोधात धरला जाई. 2010 मध्ये नियम बदलला आणि झालेल्या मतांचे बहुमत पुरेसे ठरले.

नॉर्थवेस्ट ही मिनेसोटातली मोठी कंपनी. तिचे मेकॅनिक मशिनिस्ट्स युनियनमध्ये होते. त्याच युनियनमध्ये सामान चढवणारे आणि इतर जमिनीवरचे कर्मचारीही होते आणि संख्येने तेच जास्त. मेकॅनिकांची तक्रार रामवाडीत कळायला अवघड नाही: परवाना आमच्याकडे, विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमची, पण करारात आम्ही सगळ्यांच्या सरासरीत जातो. 1962 मध्ये स्थापन झालेली एअरक्राफ्ट मेकॅनिक्स फ्रॅटर्नल असोसिएशन, म्हणजे आम्फा, ही नुसत्या मेकॅनिकांची संघटना नेमके हेच बोलत होती. 1998 मध्ये नॉर्थवेस्टच्या मेकॅनिकांनी मशिनिस्ट्सना सोडून आम्फाला मत दिले. त्याच वर्षी अलास्का एअरलाइन्सचे मेकॅनिक तिच्याकडे आले, 2003 मध्ये युनायटेड आणि साउथवेस्टचेही. 2001 मध्ये नॉर्थवेस्टमध्ये घसघशीत पगारवाढीचा करार झाला तेव्हा स्वतंत्र संघटना काढणाऱ्यांचे बरोबर होते असेच सगळ्यांना वाटले.

त्यानंतर 11 सप्टेंबर आला, विमान कंपन्या तोट्यात गेल्या. 2005 मध्ये नॉर्थवेस्टने मेकॅनिकांकडे 17 कोटी 60 लाख डॉलरची वार्षिक कपात आणि निम्म्याहून अधिक नोकऱ्यांची आहुती मागितली. 20 ऑगस्ट 2005 रोजी मेकॅनिक, सफाई करणारे आणि इतर मिळून सुमारे 4,400 जण संपावर गेले. कंपनीने आधीच बदली मेकॅनिक तयार ठेवले होते. खरा घाव मात्र दुसरीकडून बसला. मशिनिस्ट्स युनियनने संपाला साथ दिली नाही. सात वर्षांपूर्वी ज्यांना सोडून गेलो, त्यांचे सभासद संपाची रांग ओलांडून कामावर गेले. वैमानिकही विमाने उडवत राहिले. सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. संप रीतसर संपायला नोव्हेंबर 2006 उजाडला. तोवर बहुतेकांच्या जागा गेल्या होत्या. 2008 मध्ये युनायटेडच्या मेकॅनिकांनी आम्फाला सोडून टीमस्टर्स या दुसऱ्या संघटनेला निवडले.

यावरून वेगळी चूल मांडणे मूर्खपणाचे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. साउथवेस्टमध्ये आम्फा टिकली. तिथे 2012 मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी 2019 पर्यंत लांबल्या, पण शेवटी करार झाला. मोठ्या संघटनेत आपले म्हणणे विरघळते आणि छोट्या संघटनेत आपण एकटे पडतो. यातले कोणते नुकसान परवडेल हे त्या वेळच्या धंद्याच्या हवामानावर ठरते आणि ते कळते बहुधा उशिरा. डेल्टाच्या मेकॅनिकांनी तर कोणतीच संघटना निवडलेली नाही.

आणि आपले विमान मेकॅनिक? सांताक्रूझच्या हँगरमध्ये काम करणारा तंत्रज्ञ महाराष्ट्रातच राहतो, पण एमआरटीयू कायदा त्याच्या कामी येत नाही. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते आणि राज्याचा कायदा जिथे राज्य शासन हे समुचित शासन आहे तिथेच चालतो. त्यामुळे एसटीच्या कारागिराला जी अपुरी का होईना मोजणी मिळते, तीही त्याला नव्हती. त्याच्यासाठी होती 1958 ची शिस्तसंहिता, नैनितालच्या भारतीय श्रम परिषदेत सर्वांनी स्वेच्छेने मान्य केलेली. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर मान्यता मागणाऱ्या संघटनेकडे किमान 15 टक्के सभासद असावेत, मान्यता मिळाली की दोन वर्षे बदल नाही, असे तिचे निकष. पण ती संहिता होती, कायदा नव्हता. व्यवस्थापनाने दिलेली मान्यता व्यवस्थापन काढूनही घेऊ शके.

तसे घडलेही. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या आणि एकाच छपराखाली प्रत्येक धंद्याच्या दोन-दोन संघटना जमल्या. 22 मे 2010 रोजी मंगळूरला विमान कोसळले. त्यानंतर तीनच दिवसांनी जमिनीवरचे कर्मचारी आणि इंजिनिअर अचानक संपावर गेले. पगाराला झालेला उशीर आणि प्रसारमाध्यमांशी बोलण्यावर घातलेली बंदी ही कारणे होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने संप दुसऱ्या दिवशी मिटला. व्यवस्थापनाने एअर कॉर्पोरेशन एम्प्लॉईज युनियन आणि ऑल इंडिया एअरक्राफ्ट इंजिनिअर्स असोसिएशन या दोघींची मान्यता काढून घेतली आणि काही पदाधिकाऱ्यांना बडतर्फ केले. संपाची वेळ लोकांच्या रोषाला आमंत्रण देणारी होती, यात शंका नाही. पण आपला प्रतिनिधी असावा की नसावा, हे सभासदांऐवजी मालक एका पत्राने ठरवतो, ही गोष्ट त्या रोषात झाकली गेली.

हँगरमध्ये आणखी एक फूट असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेला देखभाल इंजिनिअर विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करतो, तर हाताने काम करणारा तंत्रज्ञ तशी सही करू शकत नाही. दोघांचे हितसंबंध थोडे वेगळे, म्हणून संघटनाही वेगळ्या. 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली. देखभाल करणारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी मात्र सरकारकडेच राहिली. खासगी कंपन्यांत चित्र आणखी विरळ. जेट एअरवेजच्या देखभाल इंजिनिअरांची वेल्फेअर असोसिएशन होती. मार्च 2019 मध्ये थकलेल्या पगाराबद्दल तिने महासंचालनालयाला पत्र लिहिले. पुढच्या महिन्यात, 17 एप्रिलला, कंपनीच बंद पडली.

मतपेटी भारतीय कामगाराला परकी नाही. रामवाडीहून जवळच असलेल्या पेण स्थानकातून रोह्याकडे जाणारी गाडी मध्य रेल्वेची. रोह्यापुढे कोकण रेल्वे सुरू होते. रेल्वेत कामगार संघटनांची मान्यता गुप्त मतदानाने ठरते. 2007, 2013 आणि डिसेंबर 2024 मध्ये देशभर असे मतदान झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात संघटनांचे बळ गुप्त मतदानाने मोजण्याची कार्यपद्धती घालून दिली होती. म्हणजे रुळावर जे चालते ते रस्त्यावर आणि धावपट्टीवर का चालू नये, याला तांत्रिक उत्तर नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि विमान मेकॅनिकांच्या बाबतीत तिने एक मोठा बदल केला. संघटनेशी वाटाघाटी करण्याचे बंधन प्रथमच केंद्राच्या कायद्यात आले. ज्या संघटनेकडे आस्थापनेतले 51 टक्के कामगार असतील ती एकमेव वाटाघाटी संघटना. कोणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद. तिच्यात दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणजे 19 टक्के मेकॅनिक एका संघटनेत एकवटले तरी टेबलाजवळ खुर्ची नाही आणि 20 टक्के झाले की आहे. लहान गटाला इथे पहिल्यांदाच आकडा मोजून संधी मिळते, ही या संहितेतली दुर्लक्षित बाजू आहे. संप करणे मात्र तिने अधिक अवघड केले: केंद्राच्या कायद्यातली 14 दिवसांच्या नोटिशीची अट आता सार्वजनिक सेवांपुरती न राहता सर्व आस्थापनांना आहे.

रायगडसाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पेण-पनवेल पट्ट्यातली आयटीआय झालेली मुले एसटीच्या कार्यशाळेऐवजी तिकडे बघतील. तिथे सामान हाताळणे, सफाई, इंधन भरणे, देखभाल ही कामे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि त्यातली बरीचशी पुढे कंत्राटदारांकडे. संहितेतले 51 आणि 20 टक्के मोजले जातात ते आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या कामगारांत. कंत्राटदाराचा माणूस त्याच विमानाखाली, त्याच पाळीत काम करत असला, तरी त्याचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते.